मोटारीचा पाय

३ मार्च

वन्सं,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नका. आणि रागावलात तरी तुम्ही तिकडे, मी इकडे, मला कुठं ऐकू येणार आहे!

घरचं सगळं ठीक. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, त्यामुळं माझं मशीन दिवसभर खडखडतंय. बोट मात्र काठावर ओढून ठेवलीय. मोटार पाणी फेकेना. मोटार गार ठेवणाऱ्या पाण्याची बाजूच्या भोकातून धार पडते ना, ती आधी बारीक झाली, मग नुसते थेंब. म्हणून तुमच्या दादांनी मोटार काढून व्हरांड्यातल्या लाकडी घोड्यावर टांगली आणि तिचा खालचा पाय सोडवला. तुम्ही भाऊबहीण त्याला पाय म्हणता. मी आपली इतकी वर्षं सगळ्यालाच पंखा म्हणत होते. आता कळलं, पंखा तळाला, त्याच्यावर गिअरची पेटी आणि पेटीच्या डोक्यावर पाणी वर चढवणारा पंप. एवढा सगळा कारभार पाण्याखाली चालतो नि वर बसलेल्याला पत्ता नसतो.

वीस एप्रिलला पाहणीचे साहेब येणार आहेत. त्या दिवशी आपली बोट पाण्यात चालताना दिसली नाही, तर माणसं पलीकडच्या काठाला न्यायची फेरी आपल्याकडून जाणार नि ‘काळजी नको’ला मिळणार. आठवतो ना हा माणूस? धाकट्या धक्क्यावरचा बोटवाला, दर वाक्याला काळजी नको म्हणणारा. रोज संध्याकाळी येतो, व्हरांड्यात डोकावतो, ‘वहिनी, काळजी नको’ म्हणतो नि माझी काळजी वाढवून जातो. फेरी गेली तर ह्या घराचं काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर तुमच्या दादांनी विचारायला सांगितलंय: पायात गिअरचं तेल भरून झालं की दोन स्क्रूंतला आधी कुठला लावायचा, वरचा की खालचा? ते कामात आहेत म्हणून मी लिहितेय. तेवढं लवकर कळवा.

तुमची वहिनी


१० मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या लेथवरचा माणूस मशीन बंद करून बघायला आला. दादा मला विचारतोय? वरचा की खालचा? अगं, ह्याच प्रश्नावरून त्यानं माझा जीव खाल्ला होता! तेल खालच्या भोकातून वर चढवायचं. वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वर बंद असलं की खालून तेल भसकन सांडत नाही. एकदा मी उलटं केलं आणि सगळं तेल तुझ्याकडं शिवायला आलेल्या पांढऱ्या कापडावर गेलं. तू मला काही बोलली नाहीस, दादालाच धारेवर धरलंस. मी तेव्हाच ठरवलं, ही बाई आपली.

पण समजलं मला. इथं कायम करण्याआधी परीक्षा घेतात असं मी मागं लिहिलं होतं, म्हणून गडी तिकडून सराव घेतोय. सांग त्याला, तुझी बहीण तयार आहे. ह्या कारखान्यात अजून एकही बाई मिस्त्री म्हणून कायम झालेली नाही. म्हातारा फोरमन तोंडानं कौतुक करत नाही, पण एखादा किचकट पाय आला की माझ्या टेबलावर ठेवतो आणि निघून जातो. हे दादाला मोठ्यानं वाचून दाखव. त्याची छाती फुगेल, पण तोंडानं म्हणेल, ‘हं.’

आणि परीक्षाच आहे तर पुरती देते. पाय वर बसवताना उभ्या दांड्याच्या दात्यांना ग्रीस बाजूनं लावायचं, डोक्यावर नाही. डोक्यावरचं ग्रीस वर खोबणीत कोंडतं नि दांडा पुरता आत जात नाही. झाले ना पैकीच्या पैकी?

तू स्वतःचं काहीच लिहीत नाहीस. शिवणाचं मशीन सोडून दुसरं काही लिही.

तुझी नणंद


१७ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र दादांना वाचून दाखवलं, फोरमनचं तर दोनदा. छाती फुगली की नाही ते मला दिसलं नाही, पाठ माझ्याकडं होती.

तुम्हाला आणखी एक त्रास द्यायचाय. चादरीवर सगळे भाग मांडलेत, प्रत्येक जुन्या भागाशेजारी नवा. मी रोज झाडताना चादरीच्या कडेकडेनं झाडते, एक स्क्रू इकडचा तिकडं होऊ देत नाही. ‘काळजी नको’ काल म्हणाला, “वहिनी, हे प्रदर्शन अजून किती दिवस?” मी म्हटलं, “तिकीट लावणार आहे, भवानी तुमच्यापासूनच करते.” मग गेला.

मोठ्या भागांचं काही अडत नाही. पत्र्याची चकती, तिच्यावर रबरी चक्र, चक्रावर वाटी, वाटीवर झाकण. बाही कुठं नि कॉलर कुठं, इतकं ते उघड आहे. पण चकतीच्या खाली एक आणि वर एक अशी दोन कागदी पॅकिंगं लागतात. जुन्यांचे काढतानाच तुकडे झाले; नवी वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वेगळी, चादरीच्या मधोमध काचेखाली शेजारी शेजारी ठेवलीत. दिसायला जुळ्या बहिणी. एकीचं भोक गोल, दुसरीचं जरा लांबट. खाली कुठली नि वर कुठली? दादांना चटकन आठवत नाहीये, म्हणाले तिला विचार.

माझं काय लिहू? माझी तब्येत चांगली आहे. दंड जरा भरलेत. कुणाला उचलायचं-बसवायचं म्हटलं की आपोआप भरतात.

तुमची वहिनी


२३ मार्च

वहिनी,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दादा कुठं आहे? त्याला काय झालंय?

मी एवढी अडाणी वाटले का तुला? आधी वाटलं गंमत करतोय. पण दादा उघडी मोटार टाकून जेवायलासुद्धा उठत नाही. पाय सोडवला की दिवस मावळायच्या आत जोडून मोकळा होतो, आणि तू त्या चादरीच्या कडेनं रोज झाडतेस! दादाला पॅकिंग आठवत नाही? त्याला स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, पॅकिंग आठवतं. आणि तुझे दंड का भरलेत? कुणाला उचलतेस तू?

मी आज राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवलाय. कायम करण्याची परीक्षा एप्रिलअखेर आहे, ती गेली खड्ड्यात. दादानं मला त्या व्हरांड्यात बसवून हातात पाना दिला नसता, तर मी आज कुठं असते ते मला माहीत आहे. तुझं उत्तर आलं की निघते. खरं उत्तर. पुन्हा ‘कामात आहेत’ लिहिलंस तर आपलं नातं संपलं असं समज.

पॅकिंगचं विचारलंस. भोकावरून मी इथून सांगू शकत नाही, ते मोटारीगणिक बदलतं. पण दादा भाग मांडताना कधी चुकत नाही. जो आधी निघाला तो डावीकडं, नंतर निघाला तो त्याच्या उजवीकडं. म्हणजे दोघींतली उजवीकडची नंतर निघालेली, म्हणून ती खाली. डावीकडची वर. रागातही सांगितलं, कारण त्या पॅकिंगांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

लवकर लिही.


२९ मार्च

वन्सं,

खोटं बोलले. गरज पडली तर पुन्हा बोलेन, तेव्हा त्याबद्दल माफी मागत नाही. आता खरं ऐका, आणि आधी खाली बसा.

फेब्रुवारीच्या शेवटाला त्यांनी पंप सोडवला, नवे भाग जुन्यांशेजारी मांडले आणि त्यांच्या हातातून पाना पडला. मी आतून ओरडले, “पाडापाडी पुरे, फरशी फुटेल.” उत्तर आलं नाही. ह्या माणसाकडून उत्तर नाही म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. मशीनवरून उठून गेले, तर स्टुलाशेजारी पडले होते.

डावी बाजू गेली आहे. आणि तुमचे दादा डावखुरे, म्हणजे कामाचाच हात गेला. तोंडातून शब्द फुटत नाही, घुमल्यासारखा आवाज येतो. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं कळतं, बोलणंही हळूहळू येईल, उजव्या हातानं पुष्कळ करता येईल, पण खटपट त्यांनी करायला हवी. तीच ते करत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून असतात. भरवलं तर खातात. तुमची पत्रं मी त्यांच्या पाठीला वाचून दाखवते.

मी तुम्हाला का कळवलं नाही, तेही सांगते. तुमचं परीक्षेचं ते पहिलं पत्र आलं ना, तेव्हा ते धडधाकट होते. दिवसभर ते पत्र खिशात घालून फिरले. संध्याकाळी मला म्हणाले, “काही झालं तरी हिला इथं परत यायला लागता कामा नये. आली तर जन्मभर माझीच मोटार दुरुस्त करत बसेल.” त्यांचं हे मला ऐकू आलेलं शेवटचं मोठं वाक्य. त्यानंतर चहा, टॉवेल असलंच काहीबाही. आता सांगा, त्या माणसाला बोलता येत नसताना मी त्याचा शब्द मोडू?

मिस्त्री बोलवायचा तर इथं एकच आहे, आणि तो ‘काळजी नको’चा मेहुणा. म्हणजे कोंबड्या राखायला कोल्हा. तेव्हा पाय मीच जोडणार. बोट मला चालवता येते, ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काय नुसती हवा खायला बसत होते? पण दुरुस्तीला कधी हात लावला नव्हता, कारण ती तुम्हा दोघांची जागा होती.

तो अर्ज फाडा. तुम्ही आलात तर मोटार दुरुस्त होईल आणि हे मात्र कायमचे भिंतीकडंच राहतील. मला सगळं सविस्तर लिहून पाठवा, लहान मुलाला सांगतात तसं.

तुमची वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

खूप रडले. मग तोंड धुतलं आणि लिहायला बसले. फोरमननं विचारलं काय झालं, तर तुझं पत्रच त्याच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर म्हणाला, “ही बाई इथं कामाला येईल का?” ऐक, हा माणूस कुणाबद्दल असं बोलत नाही. माझ्याबद्दल अजून बोललेला नाही.

मला तुझी कमाल वाटते. माझ्यावर असं काही आलं असतं तर मी जगाला ओरडून सांगितलं असतं. तू महिनाभर नवऱ्याला उचललंस, गणवेश शिवलेस, चादरीच्या कडेनं झाडलंस आणि मला ‘घरचं सगळं ठीक’ लिहिलंस. रागही येतो नि पायाही पडावंसं वाटतं. आधी कुठलं करू?

आता उंटावरून शेळ्या हाकते.

पॅकिंगं, चकती झाली की दांड्याच्या खाचेत ती पाचरीसारखी इवलीशी चावी बसव. तिला ग्रीसचा ठिपका लाव, नाहीतर निसटते नि मग आख्खं घर शोधत बसावं लागतं. चावीवर रबरी चक्र. वरून वाटीसकट झाकण दाबताना दुसऱ्या हातानं दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत राहा, म्हणजे चक्राच्या पाकळ्या एकाच बाजूला मुडपून आत जातील. उलटा फिरवू नकोस. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ. तू कॉलरला टाचण्या लावतेस तसं.

मग पाय उचलून वर. तिथं तीन गोष्टी एकदम जुळायला हव्यात: दांड्याचे दाते, पाण्याची नळी आणि गिअरची सळी. वर नि खाली दोन्हीकडं गिअर मोकळा ठेव. दाते अडले तर कुणाला तरी मोटारीचं वरचं चाक किंचित फिरवायला सांग. बोटभर फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढू नकोस! असं करून मोटारी मोडणारे मी शहाणेसुरते लोक पाहिलेत. खाली उतरव नि पुन्हा चढव. आपसूक बसेल तेव्हाच बसला म्हणायचा. तेल शेवटी, त्याचं तुला माहीत आहे. आणि पाण्याच्या पिंपात पाय बुडवल्याशिवाय दोरी ओढायची नाही. धार पडली नाही तर त्या क्षणी बंद. कोरडी चालली तर रबर जळतं, मग वरचं सगळं तापून आवळतं.

आणखी एक. दादाची खाट व्हरांड्यात आण. त्याला आवडो न आवडो. भिंतीकडं तोंड करायचंच असेल तर व्हरांड्याच्या भिंतीकडं करू दे.

अर्ज फाडलेला नाही, खणात आहे. वीस तारखेला बोट चालली तर फाडेन. नाही चालली तर मी येते, आणि मग तू नि दादा दोघं मिळून मला अडवून दाखवा. तोपर्यंत देव पाण्यात घालून बसते.

तुझी नणंद


१३ एप्रिल

वन्सं,

आज भरपूर लिहिणार आहे, कारण भरपूर घडलंय.

खाट व्हरांड्यात आणली. ढकलाढकलीला दवाखान्याची नर्स होती, ती तपासायला येते ना, आपल्याच बोटीनं पलीकडं जाणारी. बोट बंद झाल्यापासून तिला सगळा वळसा घालून जावं लागतं, त्यामुळं मोटारीची चौकशी ती माझ्याहून जास्त करते. तुमच्या दादांनी व्हरांड्यातसुद्धा भिंतच धरली. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी शिवण बाजूला ठेवून बसले. तुमचं पत्र समोर, त्यांच्या स्टुलावर मी. काचेखालचं उजवीकडचं पॅकिंग खाली, डावीकडचं वर. चावीला ग्रीस, चक्र, वाटी, झाकण, दांडा घड्याळासारखा फिरवत. वन्सं, पाकळ्या मुडपत आत गेल्या ना, तेव्हा मी मोठ्यानं “वा!” म्हटलं. कुणी ऐकायला नव्हतं, पाठ होती.

पाय चढवताना मात्र नाकी नऊ आले. तो अंगावर घेतलेल्या धष्टपुष्ट पोरासारखा, कुठूनही धरा, निसटतो. खाली स्टूल, स्टुलावर उशा, उशांवर पाय. नर्स वरचं चाक फिरवतेय, मी खालून ढकलतेय. बोटभर फट राहिली. नर्स म्हणाली, “आवळून टाका ना बोल्ट.” मी म्हटलं, “बाई, तुम्ही सुई टोचायचं बघा.” उतरवला, पुन्हा चढवला. परत फट. पुन्हा उतरवला. आणि मग काही न करता, अगदी सहज, तो वर सरकला नि ‘टक्’ झालं. तेल भरलं, आधी वरचा स्क्रू, मग खालचा. एक थेंब सांडला नाही. माझ्याच कपड्यांवर सांडलं असतं म्हणून काळजी जास्त घेतली.

खाली पिंप लावलं, पाणी भरलं, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली! काय सांगू तुम्हाला तो आवाज. मी आणि नर्स दोघी नाचायच्या बाकी होतो. आणि त्या गोंधळात मी धारेकडं बघायचंच विसरले.

मागून धाडधाड ऐकू आलं. तुमचे दादा कुशीवर वळले होते. उजव्या हातानं खाटेची कड बडवत होते, डोळे मोटारीच्या बाजूच्या भोकावर. तिथं ठणठणीत कोरडं. “आ! आ!” असा त्यांचा आवाज. मी धावत जाऊन बंद केली. अजून थोडी चालली असती तर नवं चक्र जळून गेलं असतं.

मग मी खाली बसले आणि रडले. इतक्या दिवसांत रडले नव्हते, तेव्हा सगळं एकदमच आलं. म्हटलं, आता वन्सं राजीनामा देणार, फेरीही जाणार नि ह्यांचा शब्दही. नर्स बिचारी पाण्याचा पेला घेऊन उभी. रडून झालं, नाक पुसलं, पाय उतरवला, पंप उघडला. चक्र ठीक, चावी ठीक. दोन्ही पॅकिंगं सोडवून मी पुन्हा चादरीवर होती तशी ठेवली, तुमचं पत्र काढलं नि मोठ्यानं वाचलं: “दोघींतली उजवीकडची खाली.” म्हटलं, अहो, तसंच तर केलंय मी!

तेव्हा पुन्हा खाट वाजली. उजवा हात माझ्याकडं, मग चादरीच्या पलीकडं. मला वाटलं पाणी हवंय. पेला दिला तर त्यांनी तो बाजूला सारला. चिडले होते हो. किती दिवसांनी माझ्यावर चिडले! पुन्हा माझ्याकडं बोट, पुन्हा पलीकडं. मी उठून पलीकडं जाऊन उभी राहिले. हात खाली, खाली असा. बसले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आता बरोबर.

आणि तिथं बसून पाहते तर उजवीकडचं पॅकिंग डावीकडं आलं होतं.

वन्सं, ती तुमची जागा. तुम्ही लहानपणापासून त्यांच्या समोर बसून शिकलात, शेजारी नाही. डावखुरा माणूस, तो त्याच्या उजवीकडून डावीकडं मांडत जाणार. तुम्हाला समोरून ते डावीकडून उजवीकडं दिसलं. तुम्ही मला जे सांगितलंत ते अगदी खरं होतं, फक्त तुमच्या जागेवरून. आणि मी बसले होते त्यांच्या स्टुलावर. उलटं कापड अंगाला लावून बाही बसवली तर ती दुसऱ्या हाताची होते, हे मी शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना रोज शिकवते, आणि मला हे कळू नये!

पॅकिंगं बदलली. आता बघितलं तर लांबट भोक पाण्याच्या वाटेवर बरोबर बसलं, आधी गोल भोकवालीनं ती वाटच झाकली होती. आज सकाळी पुन्हा पिंप, पुन्हा दोरी. धार अशी आली की नर्सचे बूट भिजले. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते धारेकडं बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. मग मलाही दिसेनासं झालं.

आजपासून जेवताना चमचा उजव्या हातात घेतात. अर्धं सांडतं. मी काही बोलत नाही, तुमच्या तेलाचा अनुभव आहे.

तुमची वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र टपरीवर उभ्यानं वाचलं आणि तिथंच पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी दादाचं सगळं काम समोरून शिकले आणि मला हे आजवर कधी जाणवलं नाही. इथं सगळे मला चिडवतात, तू भाग मांडतेस ते तर सगळ्यांसारखेच, डावीकडून उजवीकडं. मी त्यांना म्हणायची, माझ्या दादाची खास पद्धत आहे ही. आता काय सांगू त्यांना, दादाची तर नेमकी उलटी!

माझ्या चुकीच्या सांगण्यामुळं तुझी मेहनत वाया जात होती, आणि तू लिहितेस ‘तुम्ही सांगितलंत ते खरं होतं’. असं मन कुठून आणतेस? फट बोल्टनं न ओढता पाय चढवणारे इथं थोडे आहेत. पंप दुसऱ्यांदा उघडायची हिंमत करणारे त्याहून थोडे. रडून, नाक पुसून पुन्हा पाना घेणारी मी एकच पाहिली, तीही पत्रातून. फोरमनला सगळं वाचून दाखवलं. त्यानं चष्मा पुसला, म्हणाला, “हं.”

वीस तारखेला मला कुठं काम सुचणार! साहेबांनी काहीही विचारलं तरी घाबरू नकोस. दादाला बोटीत बसव. अर्ज अजून खणातच आहे. काय होईल ते तारेनं कळव.

तुझी नणंद


२३ एप्रिल

बाई,

हे मी लिहितोय. उजव्या हातानं. अक्षराला हसू नकोस. थोडंच लिहीन.

तार नाही केली. तुझी वहिनी म्हणाली, तुम्हीच लिहा. तीन दिवस लागले. बोलणं येतंय, बोबडं. ती हसते. मीही.

वीसला साहेब आले. मला पुढं बसवलं होतं. साहेबांनी विचारलं, “मोटार कुणी दुरुस्त केली?” मी तिच्याकडं बोट दाखवलं. त्यांना वाटलं मला बोलता येत नाही म्हणून भलतीकडं दाखवतोय. मग त्यांनी तिला भर पाण्यात बोट थांबवायला लावली. पुढं, मोकळा, मागं, मोकळा. गिअर लोण्यासारखा पडला. धार सरळ. साहेब म्हणाले, “पाय कुणी बसवला ते खरं सांगा.” ती म्हणाली, “काठावर चला, उतरवून पुन्हा बसवून दाखवते. तुम्ही चाक फिरवा.”

साहेबांनी बोटीतच सही केली. काठावर ‘काळजी नको’ उभा होता. तो गप्प मी पहिल्यांदा पाहिला.

फेरी आपलीच. परवान्यावर आता तिचं नाव आहे. मीच सांगितलं तसं लिहायला. पहिल्या फेरीला नर्स आणि शाळेचे मास्तर होते. मी रोज पुढं बसतो. उजव्या हातानं दोर टाकतो, दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा पडतो.

मी इतकी वर्षं पाय बसवले. तिनं बसवलेला माझ्याहून घट्ट आहे. हे तिला सांगू नकोस. ती हे पत्र पाकिटात घालताना वाचेलच.

अर्ज फाड. परीक्षा दे. कायम हो.

मग ये. पण पाहुणी म्हणून ये, पाना आणू नकोस. मिस्त्री घरात आहे.

दादा